कोरे पान आणि पुसलेले पान

एखादी वस्तू मुळातच नव्हती, आणि ती होती परंतु आता उरली नाही, या दोन विधानांत काही खरे अंतर आहे काय, हा प्रश्न आपल्याकडील नैयायिकांनी फार पूर्वी उपस्थित केला आणि अंतर आहे असा निर्वाळा देऊन त्या दोन अभावांना दोन स्वतंत्र नावे दिली. घट घडण्यापूर्वी मृत्तिकेच्या ठायी घटाचा जो अभाव असतो तो प्रागभाव. घट फुटल्यावर खापऱ्यांच्या ठायी जो अभाव मागे राहतो तो प्रध्वंसाभाव. पहिल्याला आरंभ नाही, पण अंत आहे. दुसऱ्याला आरंभ आहे, पण अंत नाही. ‘तर्कसंग्रहा’चे पान उलटणाऱ्याला हा भेद म्हणजे पंडितांचा वाग्विलास वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या काळात माणसाची मते, त्याचे हक्क आणि त्याची ओळख नखाएवढ्या यंत्रखंडांत साठवली जाऊ लागली आहे, त्या काळात हा भेद नुसता तर्कशास्त्राच्या वर्गातला राहिलेला नाही, अशी माझी धारणा आहे, आणि ती मांडण्यासाठी नंदुरबार जिल्ह्याइतके योग्य स्थळ मला दुसरे दिसत नाही.

नंदुरबार हा महाराष्ट्रातील पहिल्या क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ. त्यातील अक्कलकुवा हा राज्यातील पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ. आणि सातपुड्याच्या उतारावर, जेथे नर्मदा आता नदी न राहता सरदार सरोवराचा जलाशय झाली आहे तेथले मणिबेली हे पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. या काठच्या काही पाड्यांपर्यंत मतदानाचे साहित्य नावेतून न्यावे लागते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत या मतदारसंघाचे मतदान 13 मे रोजी झाले आणि मोजणी 4 जून रोजी. मधल्या तीन आठवड्यांत मतदान यंत्रे मोहोरबंद खोलीत, बंद स्थितीत पडून होती. त्यांच्यात कसलीही हालचाल नव्हती, कसलाही प्रवाह नव्हता, आणि तरीही अक्राणीच्या डोंगरावरून उतरून आलेल्या म्हातारीने दाबलेल्या कळीची खूण त्यांत जशीच्या तशी होती. प्रवाह थांबल्यावर जे उरते ते काय असते? क्षणिकवादी बौद्धांना वेदान्त्यांनी जो प्रश्न विचारला, की सर्व काही क्षणोक्षणी नष्ट होत असेल तर काल पाहिलेले आज आठवते कोणाला, तो येथे एका निर्जीव वस्तूच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

त्याचे भौतिक उत्तर तरी आज निश्चित देता येते. 1967 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झे या दोघांनी एक अशी रचना सुचवली, की जिच्यात वाहकाचा एक सूक्ष्म तुकडा चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेला असतो आणि त्याला कोणतीही तार जोडलेली नसते. पुरेसा दाब दिला म्हणजे काही इलेक्ट्रॉन त्या रोधक थराच्या आरपार जाऊन आत अडकतात; दाब काढून घेतला की त्यांना बाहेर येण्यास वाट राहत नाही. हे बंदिवान इलेक्ट्रॉन हीच खूण. पुढे 1980 नंतरच्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी अशा असंख्य कोठड्या एकाच झटक्यात रिकाम्या करण्याची युक्ती काढली. त्या झटक्याचे साम्य छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटाशी वाटल्यावरून या स्मृतीला फ्लॅश हे नाव पडले. आज विजेच्या मीटरमध्ये, सौर पंपाच्या नियंत्रकात, पर्जन्यमापकात, शाळकरी मुलांच्या प्रयोगपेटीत जो मायक्रोकंट्रोलर असतो, त्याच्या पोटात हीच स्मृती असते. अर्डुइनो नावाच्या फळीवर बसणाऱ्या एटीमेगा 328 पी या सर्वपरिचित मायक्रोकंट्रोलरचे उदाहरण घेतले तर त्यात अशी 32 किलोबाइट जागा असते, आणि निर्माते हमी देतात, की 25 अंश तापमानात ही खूण शंभर वर्षे आणि 85 अंशांत वीस वर्षे टिकेल.

परंतु टिकण्याची हमी शंभर वर्षांची असली, तरी पुसण्याची हमी फक्त दहा हजार वेळांची आहे. प्रत्येक पुसण्यात तो रोधक थर किंचित झिजतो, आणि झिजत झिजत एक वेळ अशी येते, की आत कोंडलेले आत राहत नाही. ही स्मृती वापराने, म्हणजे वाचण्याने, क्वचितच बिघडते. ती बिघडते विसरण्याने. शिवाय येथे लिहिणे आणि पुसणे या दोन क्रिया समान नाहीत. लिहिताना एकेका कोठडीतील एकाचे शून्य करता येते. पण शून्याचे पुन्हा एक करायचे असेल तर ती एकटी कोठडी मोकळी करता येत नाही, तिच्यासह तिचा अख्खा विभाग, त्यातील निर्दोष शेजाऱ्यांसकट, रिकामा करावा लागतो. म्हणून ज्यांना वाचवायचे त्यांना अगोदर उचलून दुसरीकडे ठेवावे लागते. या वाक्यापाशी नर्मदाकाठचा वाचक क्षणभर थांबेल, हे मला ठाऊक आहे. मीही तेथे परत येणार आहे.

आता मूळ मुद्दा. पुसलेला विभाग वाचला तर तो कसा दिसतो? सर्व कोठड्यांत एक. आणि ज्यात कारखान्यातून बाहेर पडल्यापासून कधीच काही लिहिले गेले नाही तो विभाग कसा दिसतो? तोही सर्व कोठड्यांत एक. वाचणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने दोघांत तिळमात्र फरक नाही. ज्या जागेवर कधीच कोणी राहिले नाही ती, आणि जेथे दहा वर्षे कोणी नांदून गेले व उठवले गेले ती, या दोन्ही जागा तेथे एकच उत्तर देतात. नैयायिकाने ज्या दोन अभावांना वेगळे मानण्याचा आग्रह धरला, ते या स्मृतीच्या ठायी एकरूप होतात. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव यांतील भेद वस्तूच्या आत कोठेही लिहिलेला नसतो. तो जाणण्यासाठी त्या वस्तूच्या बाहेर कोणीतरी असावे लागते, ज्याने आधीचे पाहिले होते.

ज्या कारागिरांनी या यंत्रांसाठी आज्ञावली लिहिल्या त्यांना ही उणीव फार लवकर उमगली, आणि त्यांनी तीवर काढलेला उपाय मला तत्त्वचिंतकाच्या आदराने पाहावासा वाटतो. विभाग पुसला की तत्क्षणी त्याच्या माथ्यावर एक आकडा लिहायचा, की हा विभाग आजवर किती वेळा पुसला गेला. म्हणजे जे पुसले गेले ते परत येत नाही, परंतु पुसले गेले ही गोष्ट पुसली जात नाही. या आकड्यावरून झीज सर्व विभागांत सारखी वाटून देता येते, हे त्याचे व्यावहारिक प्रयोजन. पण त्याहून खोल असे त्याचे दुसरे प्रयोजन आहे, ते म्हणजे कोऱ्या पानाला आपण कोरे नव्हतो हे सांगता यावे. दुसरी शिस्त क्रमाची. बदलणारी माहिती ठेवायची असेल तर दोन विभाग राखून ठेवायचे. एकात जुने नांदत असताना नवे दुसऱ्यात संपूर्ण लिहायचे, लिहिलेले परत वाचून मूळाशी रुजुवात घालायची, मग त्यावर ‘हे ग्राह्य’ अशी खूण करायची, आणि सर्वांत शेवटी जुने पुसायचे. पावसाळ्यात या जिल्ह्यातील धडगावकडील वीज ज्याने पाहिली आहे त्याला या क्रमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रवाह कोणत्याही क्षणी तुटला तरी, जुने किंवा नवे, एक तरी अखंड हाती राहते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी पुसून मग लिहावयास घेतले, तर त्या दोहोंच्या मध्ये अशी एक घटिका येते, की जुने नाही आणि नवेही नाही.

आपल्या महसुली दफ्तरात हीच शिस्त कारकुनांच्या पिढ्यांनी पाळली आहे. सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात, खाली नवे नाव चढते, आणि बदल कोणत्या हुकुमाने झाला त्याचा क्रमांक गाव नमुना 6 च्या, म्हणजे फेरफार नोंदवहीच्या पानाकडे बोट दाखवतो. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा नवा जिल्हा निघाला. कचेरी बदलली, पण कंसातली नावे जुनीच राहिली, कारण कोणत्याही चांगल्या दफ्तराला आपला पूर्वेतिहास स्वतःच्या अंगावर वागवावा लागतो.

येथवर सर्व ठीक आहे. पण ज्याचे नाव त्या वहीत कधी चढलेच नाही, त्याचे काय? त्याला कंसही मिळत नाही.

अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ वनगावे म्हणून राहिली. तेथे पावरा आणि भिल्ल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत होती, पण ती जमीन सरकारच्या लेखी जंगल असल्यामुळे त्या नांगराला महसुली दफ्तरात जागा नव्हती. नोंद झालीच तर अतिक्रमण म्हणून. सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातील जी 33 गावे आली ती सारी या दोन तालुक्यांतील. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 साली दिलेल्या निवाड्यात, ज्याची जमीन चतुर्थांशाहून अधिक बुडेल त्या खातेदाराला बदल्यात जमीन, आणि ती किमान दोन हेक्टर, असा दंडक घातला. तो आपल्या जागी उदार होता. पण ‘खातेदार’ या एका शब्दाच्या उंबऱ्यावर अनेकांना थांबवता येत होते. वही उघडायची, नाव पाहायचे, आणि नाव नाही, म्हणजे जमीन नव्हती, असे म्हणून पुढच्याला हाक मारायची.

या अनुमानात जो दोष आहे तो कुमारिल भट्टांच्या परंपरेने अगदी नेमका दाखवून ठेवला आहे. अभाव कळतो कशाने, याचे भाट्ट मीमांसकांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत्यांनी दिलेले उत्तर म्हणजे अनुपलब्धी: टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. मात्र त्यांनी त्याला एक अट घातली, आणि सारे सामर्थ्य त्या अटीत आहे. ही अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. म्हणजे वस्तू तेथे असती तर ती निश्चितपणे दिसली असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असे ठरत नाही. परमाणू दिसत नाही यावरून परमाणू नाही असेही ठरत नाही. आता हा निकष त्या वहीला लावून पाहा. जी वही वनवासी माणसाची नोंद घेण्यासाठी आखलेलीच नव्हती, जिच्या रकान्यांत त्याला बसण्यास स्थानच नव्हते, त्या वहीत तो न दिसणे ही योग्य अनुपलब्धी नव्हे. तो असता तर दिसला असता, असे तिच्याविषयी म्हणताच येत नाही. मग ती वही त्याच्या नसण्याचा पुरावा कशी होईल? मीमांसकाच्या न्यायसभेत हा दावा पहिल्याच प्रश्नाला कोसळला असता. आमच्या कचेऱ्यांत तो वर्षानुवर्षे उभा राहिला, आणि जलाशयाचे पाणी चढत गेले. मणिबेली हे महाराष्ट्रात बुडिताला सामोरे जाणारे पहिले गाव. काही कुटुंबे तळोदे तालुक्यातील वसाहतींत गेली, काही काठावरच वर सरकली. पुसायच्या विभागातून उचलून दुसरीकडे ठेवण्याचा जो क्रम मी वर सांगितला, नवे संपूर्ण लिहून झाल्याशिवाय जुने पुसू नये, तो येथे सर्वांच्या बाबतीत पाळला गेला नाही. साध्या पर्जन्यमापकातील आकड्यालाही जे संरक्षण देणे कारागीर आपले कर्तव्य समजतो, ते या माणसांना मिळाले नाही, हे लिहिताना मन व्यथित होते.

उशिरा का होईना, या चुकीवर देशाने एक उपाय केला, आणि तो तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने असामान्य आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासीचा हक्क मान्य केला; आणि त्याखालील 2008 च्या नियमांत पुरावा म्हणून काय चालेल याची जी यादी दिली तीत सरकारी कागदांच्या जोडीला घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान आणि वंशावळ यांना जागा दिली, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांची लेखी उतरवून घेतलेली जबानी हीही पुरावा मानली. स्मृतीला प्रमाणाचा दर्जा मिळाला. नैयायिकांनी तो दिला नव्हता. त्यांच्या मते स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते, ती नवे काही जाणत नाही, जुन्या अनुभवाचा पुनरुच्चार तेवढा करते. म्हणून ती यथार्थ असली तरी प्रमा नव्हे. जैन तार्किकांनी, विशेषतः अकलंकांनी, याउलट स्मृतीला परोक्ष प्रमाणांत गणले. नंदुरबारच्या वनहक्क समितीपुढे बसलेला वृद्ध पावरा, या नाल्यापासून त्या महूच्या झाडापर्यंत याचा बाप पेरत होता, असे सांगतो तेव्हा मला अकलंकांचा पक्ष सबळ वाटतो. आणि तो वाटण्याचे कारण वरील विवेचनात आहे. कोरे पान आपण कोरे होतो की पुसले गेलो हे सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी ज्याने पूर्वीचे पाहिले असा साक्षी लागतो. म्हणजे वृद्धाची स्मृती केवळ जुन्या अनुभवाचा पुनरुच्चार करीत नाही. कागदावरील रिकामी जागा कोणत्या जातीची आहे हे ती ठरवते, आणि हे ज्ञान त्या क्षणापूर्वी दफ्तरात कोणालाच नव्हते. मग ते नवे का नव्हे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. माणसाची स्मृती मोहाने, भयाने, लोभाने वाकते. वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादांनी भावनासंस्काराला, म्हणजे ज्यातून स्मृती उपजते त्या संस्काराला, मारक म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत अन्य ज्ञानाच्या जोडीला मद आणि दुःख यांचा उल्लेख आहे. यंत्र ना मद जाणते ना दुःख. तर मग यंत्राचीच स्मृती श्रेष्ठ का मानू नये? माझे उत्तर असे, की यंत्राच्या ठायी संस्कार आहे, पण तो कशाचा आहे याचे भान नाही. मतदान यंत्राच्या नियंत्रण भागात अमुक क्रमांकाची कळ इतक्या वेळा दाबली गेली एवढीच नोंद असते. तो क्रमांक कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते. उमेदवारांची चिन्हे व्हीव्हीपॅटच्या फ्लॅश स्मृतीत वेगळी भरावी लागतात आणि मतदाराला सात सेकंद दिसणारी चिठ्ठी त्यावरून छापली जाते. हे अज्ञान तेथे गुणच आहे, त्यामुळे पक्षपात संभवत नाही. परंतु ज्याला अर्थ ठाऊक नाही त्याला साक्ष देता येत नाही, त्याची फक्त तपासणी करता येते.

निवडणुकीच्या व्यवस्थेने हे ओळखले आहे, ही समाधानाची बाब आहे. मतदान सुरू होण्यापूर्वी केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष निदान पन्नास मते टाकून अभिरूप मतदान घेतात, त्याचा निकाल चिठ्ठ्यांशी ताडून पाहतात, आणि मग ती मते पुसतात. पुसल्यावर यंत्र शून्य दाखवते. पण ते शून्य कधीच न वापरलेल्या यंत्राच्या शून्याहून वेगळे दिसत नाही, म्हणूनच केंद्राध्यक्षाला दाखला लिहावा लागतो, त्यावर उपस्थितांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद कराव्या लागतात. मणिबेलीच्या केंद्रावरही हेच होते. पुसणे पाप नाही. साक्षीवाचून पुसणे पाप आहे. 26 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रांवरील विश्वास कायम ठेवताना, चिन्हे भरणारे यंत्र निकालानंतर 45 दिवस मोहोरबंद ठेवावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची कोरलेली स्मृती अभियंत्यांनी तपासावी, असे सांगितले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने निवडणूक आयोगाला बजावले, की ही तपासणी करताना यंत्रातील माहिती पुसू नये आणि नव्याने भरू नये. यंत्रावर विश्वास आहे की नाही, हा वाद मी येथे घालत नाही. न्यायालयाने ज्या बाबीवर बोट ठेवले ती मला मोलाची वाटते: पुसलेल्या यंत्राची तपासणी ही कोऱ्या यंत्राची तपासणी होते, आणि कोरे यंत्र कशाचीच साक्ष नसते.

वनहक्काच्या कामात मात्र एक पायरी अजून कच्ची आहे. फ्लॅश स्मृतीत लिहिणारा कारागीर लिहिलेले परत वाचून मूळाशी ताडल्याशिवाय त्यावर ग्राह्यतेची खूण करीत नाही. वृद्धाची जबानी पावरीत किंवा भिलीत दिली जाते, उतरवून घेतली जाते मराठीत, आणि तिच्याखाली अंगठा उमटतो. ती त्याच्या बोलीत त्याला परत वाचून दाखवली गेली, आणि त्याने होय म्हटले, असा शेरा जबानीच्या तळाशी, अंगठ्याच्या वर, सक्तीचा असला पाहिजे. तो नसेल तर वरच्या समितीने दावा न फेटाळता ती जबानी नव्याने उतरवून घेण्यास परत पाठवली पाहिजे. कारण नाल्याचे नाव चुकीचे लिहिले गेले तर पुढे कोणत्याही दफ्तरात तो नाला सापडणार नाही, आणि न सापडणे म्हणजे नसणे, असे म्हणणारा कोणीतरी तेथे बसलेला असेलच.